पहिला झुरका कोण निवडतो?

ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर भारतात २०१९ सालापासून बंदी आहे. तरीही पुणे, हैदराबाद किंवा छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षणासाठी गेलेला परभणी जिल्ह्यातील विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत गावी परततो, तेव्हा त्याच्या खिशात कधी कधी पेनासारखी एक नळी असते आणि वसमत रस्त्यावरच्या पानटपरीपाशी त्याचे जुने सोबती तिच्याभोवती जमतात. ही वस्तू घ्यावी की घेऊ नये, असे त्यांपैकी फारसे कोणी विचारीत नाही. सुरुवात करणाऱ्याने कोणती घ्यावी, एवढेच विचारले जाते. बंदी असूनही ही यंत्रे दुकानांत आणि घरपोच मिळतात, अशी कबुली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यांना लिहिलेल्या पत्रातूनच मिळाली होती.

सोयाबीनचा भाव, पीकविम्याची रक्कम आणि ऊसतोड कामगारांची उचल हे प्रश्न जिथे रोज अंगावर येतात, त्या जिल्ह्यात या चैनीच्या नळीची चर्चा पक्षाच्या मुखपत्राने का करावी, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु नफ्याची व्यवस्था माणसाच्या आयुष्यात नेमकी कोणत्या क्षणी शिरते, हे पाहावयाचे असेल तर सुरुवात करणाऱ्याच्या या पहिल्या निवडीइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण. शिवाय ही निवड परभणीतही होतच असते. फक्त तिची वस्तू बहुधा वेगळी असते.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. एक छोटी विजेरी, तापणारी तारेची गुंडाळी, तिच्यातून ओवलेली कापसाची वात आणि त्या वातीला भिजविणारा द्रव, एवढाच तिचा संसार. द्रवात प्रॉपिलिन ग्लायकॉल व ग्लिसरीन असते, त्यात निकोटिन आणि आंबा, पुदिना, टरबूज यांसारखे स्वाद मिसळलेले असतात. ओढणाऱ्याने श्वास घेतला की गुंडाळी तापते आणि द्रवाची दाट वाफ छातीत जाते. तंबाखूचे पान जळत नाही, म्हणून डांबर व कार्बन मोनॉक्साइड हे सिगारेटच्या धुरातील मोठे शत्रू येथे बहुतांशी नसतात. आजच्या स्वरूपातील यंत्र होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ साली तयार केले. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते आणि तो स्वतः सिगारेट ओढीत असे. धूम्रपान सुटावे या हेतूने जन्मलेली ही वस्तू धूम्रपान कधीच न केलेल्यांच्या हाती कशी गेली, हा तिचा पुढचा इतिहास आहे.

जेथे ही वस्तू कायदेशीर आहे तेथे नवख्याला काय सांगितले जाते? एकदा वापरून फेकण्याची घ्यावी, की बदलत्या कुपीची, की स्वतः द्रव भरावयाच्या टाकीची, दिवसाला किती सिगारेटी ओढता त्यावरून निकोटिनचे प्रमाण किती ठेवावे, स्वाद कोणता. वरवर पाहता हे ग्राहकाला दिलेले स्वातंत्र्य वाटते. पण कुपीचे अर्थकारण वस्तऱ्याच्या पात्यासारखे आहे. यंत्र स्वस्त विकावयाचे आणि मग त्याच कंपनीची कुपी आयुष्यभर विकावयाची. अमेरिकेत २०१५ साली बाजारात आलेल्या जूल या यंत्राने यात आणखी एक गोष्ट साधली. निकोटिनला आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार केला की घशाला ठसका लागत नाही. ठसका हा नवख्याच्या शरीराचा पहिला विरोध असतो. तोच काढून टाकल्यावर पाच टक्के निकोटिनचा द्रव पोरांच्या गळी सहज उतरू लागला. तेथे एका कुपीत सिगारेटच्या एका पाकिटाइतके निकोटिन मावत असे. युरोपीय संघाने मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी, अशी मर्यादा घातली होती. अमेरिकेत तशी मर्यादा नव्हती. २०१९ साली तेथील सरकारी पाहणीत माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के मुले ई-सिगारेट ओढीत असल्याचे आढळले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या डिसेंबरात, मार्लबोरो सिगारेट विकणाऱ्या अल्ट्रिया कंपनीने जूलचा ३५ टक्के हिस्सा १२८० कोटी डॉलर मोजून विकत घेतला होता. जुन्या विषाचा व्यापारी नव्या विषाचा भागीदार झाला, आणि जुने विष विकणे त्याने थांबविले नाही.

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत ग्राहक हा बाजाराचा राजा असतो. व्यसनाची वस्तू या सिद्धांताला अवघड जाते, म्हणून शिकागोच्या गॅरी बेकर आणि केव्हिन मर्फी यांनी १९८८ साली एक तोडगा काढला: व्यसनी माणूसदेखील भविष्यातील नफा-तोट्याचा हिशेब करूनच व्यसन पत्करतो, असे त्यांनी गणिताने मांडले. गणित सुबक आहे. परंतु सेलूच्या महाविद्यालयाबाहेर सतरा वर्षांचा मुलगा मित्राच्या हातची अर्धी सिगारेट ओढतो, तेव्हा तो चाळिसाव्या वर्षीच्या खोकल्याची आजची किंमत काढीत नसतो. त्यापेक्षा गालब्रेथ यांनी १९५८ साली सांगितलेली गोष्ट अधिक खरी होती: गरज भागविण्यासाठी उत्पादन होते असे म्हणतात, पण उत्पादनच आधी गरज घडविते. निकोटिनच्या बाबतीत तर हे शब्दशः खरे आहे. येथे ग्राहक एकदाच निवड करतो. त्यानंतरच्या हजारो खरेदी त्या पहिल्या खरेदीच्या वसुलीच्या असतात, आणि म्हणूनच ती पहिली खरेदी कोणाच्या हातून व कोणत्या अटींवर होते यावर कंपन्या एवढा पैसा ओततात.

परभणी जिल्ह्यात ही पहिली खरेदी कशी होते? निजामी अमदानीत आणि नंतरही बराच काळ येथील सिगारेटची ओळख हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीच्या चारमिनारशी जोडलेली होती. शेतमजुराला बिडी, मास्तर-कारकुनाला चारमिनार, अशी वर्गवारीच होती म्हणा ना. आज सिगारेटचे पाकीट विकत घेऊन कोणी विद्यार्थी सुरुवात करीत नाही. तो सुटी सिगारेट घेतो. पाकिटावर ८५ टक्के जागेत छापलेले कर्करोगाचे चित्र सुट्या सिगारेटवर नसते आणि तिला लागणारे पैसे खिशात असतात. हे ध्यानात घेऊनच महाराष्ट्र शासनाने २०२० च्या सप्टेंबरात सुटी सिगारेट व सुटी बिडी विकण्यास बंदी केली. जिंतूर किंवा पूर्णा येथील कोणत्याही टपरीवर पाच मिनिटे उभे राहिले म्हणजे त्या आदेशाचे काय झाले ते कळते. शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये आणि अठरा वर्षांखालील मुलाला मुळीच विकू नये, हा २००३ च्या केंद्रीय कायद्याचा दंडकही असाच भिंतीवरील पाटीपुरता उरला आहे.

सिगारेट हा तरी या जिल्ह्यातील लहान प्रश्न होय. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर तंबाखू चघळणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के होते. मळलेली तंबाखू, मावा, गुटखा, मिसरी ही येथील खरी प्रवेशद्वारे. गुटख्यावर राज्यात २०१२ च्या जुलैपासून बंदी आहे आणि ती दरवर्षी नव्या आदेशाने वाढविली जाते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास तर १९९२ सालीच केंद्राने मनाई केली होती. तरीही शेजारच्या राज्यांतून येणारा गुटखा तालुक्यातालुक्यांत पोचतो. आता तो दोन पुड्यांत येतो, एकीत सुपारी आणि दुसरीत तंबाखू; घेणारा त्या तोंडात एकत्र करतो आणि कायदा हात चोळीत बसतो. ऊसतोडीला जाणारा गंगाखेड-सोनपेठकडचा मजूर पहाटेच्या थंडीत भूक मारण्यासाठी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरतो. त्याच्यापुढे पेन घ्यावे की कुपी, हा प्रश्न येतच नाही.

ई-सिगारेटच्या समर्थकांचा मुख्य मुद्दा या संदर्भात तपासावयास हवा. तो मुद्दा पोकळ नाही, आणि पक्षातील काही तरुण कार्यकर्ते तो तळमळीने मांडतात, म्हणून त्याला बगल देणे बरे नव्हे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ साली ही वस्तू सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचे म्हटले. त्या आकड्याच्या आधारावर पुष्कळ टीका झाली. तथापि निकोटिनच्या च्युइंगम व पट्ट्यांपेक्षा ई-सिगारेटने सिगारेट सुटण्याचे प्रमाण जास्त असते, हा कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांचा निष्कर्ष भक्कम पुराव्यावर उभा आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये तर ब्रिटिश सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना पहिले यंत्र फुकट देण्याची योजना जाहीर केली. मग भारतातील सिगारेट ओढणाऱ्याला सुटकेची ही वाट का नाकारावी?

येथे दोन गोष्टी नजरेआड होतात. इंग्लंडमध्ये ते यंत्र समुपदेशकाच्या सल्ल्यासह, सार्वजनिक सेवेच्या हातून, आधीच सिगारेट ओढणाऱ्याला मिळावयाचे होते. नवख्याचे पहिले यंत्र तेथे आरोग्यसेविकेने निवडावे अशी ती कल्पना होती. त्याच देशात बाजारालाही मोकळीक होती, आणि त्या बाजाराने शाळकरी मुलांच्या हाती रंगीत फेकाऊ नळ्या दिल्या. अखेर १ जून २०२५ पासून त्या सरकारला फेकाऊ नळ्यांची विक्री बंद करावी लागली. एकाच वस्तूचे दोन परिणाम झाले, कारण ती देणारे हात दोन होते. दुसरी गोष्ट परभणीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. हा सगळा पुरावा धूर ओढणाऱ्यांविषयी आहे. ज्याच्या फुप्फुसात आजवर धूर गेलाच नाही त्या तंबाखू चघळणाऱ्याला ही नळी दिली, तर त्याचे तोंड वाचेलच असे नाही, मात्र छातीकडे जाणारी एक नवी वाट उघडेल. आणि ज्याने काहीच घेतलेले नाही त्याला तर ती निव्वळ नुकसानीची. अमेरिकेत २०१९-२० साली अशा नळ्यांतून गांजाचा अर्क ओढणाऱ्यांत फुप्फुसांचा गंभीर विकार पसरला, २८०० हून अधिक लोक रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. त्यास मुख्यतः द्रवात मिसळलेले ई-जीवनसत्त्वाचे संयुग कारणीभूत होते. म्हणजे चोरट्या बाजारात द्रवात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. परभणीत पार्सलने येणारी नळी याच बाजारातील आहे.

तेव्हा २०१९ ची बंदी चुकीची होती, असे म्हणण्याचे कारण नाही. ती अर्धी होती, हा तिच्यावरील खरा आक्षेप. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वटहुकूम काढला, अर्थमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत तो जाहीर केला आणि २ डिसेंबरला राज्यसभेने विधेयक संमतही केले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, पुढच्या गुन्ह्याला तीन वर्षे व पाच लाख. अडीच महिन्यांत एवढे काम! जूल कंपनी तेव्हा भारतात उतरण्याच्या तयारीत होती. तिच्यामागे येथे ना शेतकरी होते, ना कामगार, ना करवसुली. वटहुकूम जाहीर झाला त्या दिवशी देशी सिगारेट कंपन्यांच्या समभागांचे भाव वधारले. शेअर बाजार नीतीचे प्रवचन ऐकून वधारत नसतो.

सिगारेटच्या बाबतीत ही तत्परता का दिसत नाही, याचे उत्तर भागधारकांच्या यादीत आहे. देशातील सर्वांत मोठी सिगारेट कंपनी आयटीसी. तिचा सुमारे १५ टक्के हिस्सा सार्वजनिक क्षेत्रातील आयुर्विमा महामंडळाकडे आहे, आणि जुन्या युनिट ट्रस्टच्या वारशाने आलेला ७ टक्क्यांहून अधिक हिस्सा केंद्र सरकारच्या अखत्यारीतील संस्थेकडे. सर्वांत मोठा भागधारक ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही परदेशी कंपनी, जी स्वतः जगभर ई-सिगारेटही विकते. आयटीसीनेही २०१४ साली आपली ई-सिगारेट बाजारात आणून पाहिली होती, हे सांगणे न्याय्य होईल. ती जळत्या सिगारेटपुढे टिकली नाही. लोकांच्या आयुष्याचा विमा उतरविणाऱ्या सार्वजनिक महामंडळाने लोकांचे आयुष्य तोडणाऱ्या धंद्यात विमेदारांचा पैसा गुंतवावा काय, या प्रश्नावर २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. सार्वजनिक क्षेत्राचा समाजवाद्यांना अभिमान आहे, आणि असावा. पण समाजाच्या मालकीचा अर्थ समाजाच्या हिताची मालकी असा होणार नसेल, तर सरकार हा आणखी एक लाभांशग्राहक ठरतो.

सिगारेटवर बंदी घाला, अशी सोपी घोषणा देऊन या लेखातून सुटका नाही. तंबाखूत श्रमिकांचा घाम आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्गावर ठाण मांडले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. सोलापुरात हजारो स्त्रिया आजही घरी पान कापून बिड्या वळतात. त्यांच्यासाठी कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत ही कामगार चळवळीची मोठी कमाई आहे. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने आणि १९७६ च्या कल्याण निधीने या स्त्रियांना जे थोडे दिले, त्याचा निधी बिडीवरील उपकरातून येत असे. वस्तू व सेवा कर आल्यावर तो उपकर गेला. २०२५ च्या सप्टेंबरात कर परिषदेने बिडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले, सिगारेट व गुटखा मात्र ४० टक्क्यांच्या वर्गात टाकले. बिडी कामगारांच्या कळवळ्याने हे झाले असे सांगितले गेले. कर कमी झाल्याने वळणावळीची मजुरी वाढेल याची हमी कोणत्या तरतुदीत आहे, हे मात्र कोणी सांगितले नाही. बिडी स्वस्त राहील, गरिबाची छाती जळेल आणि वळणारीचा हात रिकामाच राहील, असाच याचा अर्थ होतो. बिडीवरचा वाढीव कर वसूल करून तो सर्वस्वी वळणाऱ्या स्त्रियांच्या पर्यायी रोजगारासाठी राखून ठेवावा, ही मागणी कामगार संघटनांना कडू वाटेल. तरी ती त्यांच्याशी बोलूनच मांडावी लागेल.

आणि पक्षाच्या घरातील गोष्ट. मराठवाड्यात अभ्यासशिबिराच्या मधल्या सुट्टीत चुन्याची डबी आणि गायछापची पुडी हातोहात फिरते. नवा कार्यकर्ता संघटनेत रुळला की नाही याची ती जणू कसोटीच असते. भांडवलशाहीवरील व्याख्यान ऐकून बाहेर आलेल्या वीस वर्षांच्या मुलाला पहिली चिमूट ज्येष्ठ सहकाऱ्याच्या तळहातावरून मिळते. सुरुवात करणाऱ्याला पहिले साहित्य पुरविणारा दलाल येथे कंपनीने नेमावा लागत नाही. आर. आर. पाटील यांच्यासारखा तळागाळातून आलेला नेता २०१५ च्या फेब्रुवारीत तोंडाच्या कर्करोगाने गेला, तेव्हा सर्व पक्षांच्या कार्यालयांत हळहळ व्यक्त झाली. डब्या मात्र बंद झाल्या नाहीत.

सोडू इच्छिणाऱ्याला आज परभणीत काय मिळते, हा खरा कार्यक्रमाचा भाग आहे. निकोटिनच्या च्युइंगमसारखे पर्यायी उपचार २०२२ साली राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. दोन मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवायही औषधाच्या दुकानात मिळते, पण तिची रोजची किंमत तंबाखूच्या पुडीच्या कितीतरी पट पडते; व्यसन स्वस्त आणि सुटका महाग, असा हा बाजार. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्षरोग संस्थेतून २०१६ पासून चालणारी सोडण्यासाठीची विनाशुल्क दूरध्वनीसेवा आहे, १८००-११-२३५६ हा तिचा क्रमांक. तो पुडीवर छापलेला असतो, पण गावात तो लावून पाहिलेला माणूस क्वचित भेटतो. २०२३ साली सुरू झालेल्या परभणीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडून व्यसनमुक्तीचे केंद्र चालावे, आणि जिल्ह्याच्या नवही तालुक्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत निकोटिनची गोळी फुकट, आशा कार्यकर्तीच्या पाठपुराव्यासह मिळावी, यासाठी वेगळा कायदा लागत नाही. औषधांच्या मागणीपत्रात एक ओळ वाढवावी लागते.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे, आणि त्याआधी ग्रामसभेत, कार्यकर्त्यांना विचारता येण्याजोगे प्रश्न अगदी साधे आहेत. गावच्या आरोग्य केंद्रात तंबाखू सोडण्याचे औषध आहे काय? नसल्यास त्याची मागणी कोणत्या तारखेला नोंदविली? सुट्या सिगारेटीच्या विक्रीबद्दल २०२० पासून या तालुक्यात किती जणांवर कारवाई झाली? उत्तरे लेखी घ्यावीत.